जिवंत राहिली ती कोणाची

१

खोपटात टोपली एक आणि पोरी दोन. कामाचा शंख वाजला तेव्हा त्यातली एक मेलेली होती.

बेनेबा मोठ्या घरातून खाली येईपर्यंत दाराशी माणसं जमून पांगलीही होती. मुकादमाचा चाबूक जवळ असला की दुःखाला फार वेळ कोणी थांबत नाही. ती स्वतः गेले काही दिवस मोठ्या घरात अडकलेली. मालकिणीला ताप चढला होता, आणि बार्बाडोसच्या या अख्ख्या कोपऱ्यात ताप आणि बाळंतपण म्हटलं की बेनेबाशिवाय पान हलत नव्हतं. तिला सोडलं नाही, म्हणून तिच्या पोटच्या लेकीचं, मिंबाचं, बाळंतपण तिच्याविना झालं. त्याच दिवशी त्याच खोपटात ऊना बाळंत झाली. ऊना आयर्लंडची, कराराने आलेली चाकर. दोघींनी एकमेकींच्या बाळांची नाळ कापली. दोघींनाही मुली. एवढाच निरोप मोठ्या घराच्या चुलीपर्यंत पोचला होता.

म्हणजे नात झाली हे बेनेबाला माहीत होतं. नातीचं तोंड मात्र तिने पाहिलं नव्हतं. आणि आता समोर दोन तोंडं होती. एक ऊनाच्या छातीशी चुटुचुटु ओढत होतं, दुसरं टोपलीत निळं पडलं होतं. दोन्ही डोक्यांवर तांबूस लव. दोघींचा बाप एकच, आणि तोच दारात चाबूक घेऊन उभा होता. गिल्बर्ट क्रोम. मळ्याचा मुकादम. दिसायला घोडा आणि अकलेने खोगीर. एवढ्या उन्हातही अंगात तांबडी लोकरीची बंडी, कारण पलीकडच्या मळ्यातली एक विधवा त्याला नवरा करून घ्यायच्या विचारात होती आणि तिला म्हणे तांबडा रंग आवडायचा.

"मेली ती आयरिश बाईची," क्रोम म्हणाला. "तुझ्या लेकीने दाबली. मत्सराने जळली. आपली पोर गुलाम आणि हिची नाही, म्हणून."

"खोटं आहे!" मिंबा जमिनीवर बसून केस ओढत होती. "माझी गेली! आये, माझी गेली गं! ऊनाच्या कुशीत आहे ती ऊनाची. माझी गेली!"

आणि तिने असा हंबरडा फोडला की गुऱ्हाळातले बैलसुद्धा थबकले असतील.

क्रोमने दोन गड्यांना खूण केली. त्यांनी मिंबाला उचलून खोड्याकडे फरफटत नेलं. बेनेबा जागची हलली नाही. ती लेकीच्या गालांवरून ओघळणारं पाणी बघत होती.

मिंबाची याआधी दोन मुलं गेली होती, दोन्ही नऊ दिवसांच्या आत. बेनेबाच्या देशात, गिनीच्या किनाऱ्यावर, नववा दिवस उजाडेपर्यंत मूल पाहुणं असतं. ते राहायला आलंय की नुसतं डोकावायला, ते अजून ठरलेलं नसतं. ते गेलं तर आई रडत नाही. रडली तर त्याला चटक लागते आणि ते पुन्हा पुन्हा येऊन पुन्हा पुन्हा जातं. आई चांगलं लुगडं नेसते, पोटभर जेवते, आणि गप्प राहते. बेनेबाने मिंबाला हेच शिकवलं होतं. दोन्ही वेळी मिंबाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

आज ती गोऱ्या माणसाला दाखवायला रडत होती.

२

कर्नल हॉलोवेल न्याहारी करत होता. भाजलेलं डुक्कर, रताळी, आणि बर्फासारखी पांढरी साखर, जी पिकवणाऱ्यांनी कधी जिभेवर ठेवली नव्हती. या भागाचा न्यायाधीशही तोच. मळा त्याचा, माणसं त्याची, आणि कायद्याचं पुस्तकही त्याच्याच कपाटात.

"म्हातारे, तू माझ्या बायकोला वाचवलंस," तो म्हणाला. "म्हणून तुला विचारतो. जिवंत आहे ती पोर कोणाची?"

"मी बाळंतपणाला नव्हते, मालक. तुम्हीच सोडलं नाहीत."

"तोंड सांभाळ." पण तो चिडला नव्हता. बेनेबाचं तोंड त्याला लहानपणापासून सवयीचं होतं. "मुकादम म्हणतो, मेली ती आयरिश बाईची आणि तुझ्या लेकीने मारली. तुझी लेक म्हणते, मेली ती तिचीच, आणि आपोआप मेली. निळ्या तोंडाने कोणी आपोआप मरत नाही, एवढं मलाही कळतं."

"मग काय करणार?"

"मेली ती तुझ्या लेकीची असेल, तर तिने माझ्या मालाची नासाडी केली. फटके, आणि वर्षभर गळ्यात लोखंडी कडं. मेली ती ऊनाची असेल, तर तो ख्रिस्ती जीव होता. खून. तुझी लेक फासावर." त्याने सुरी पुसली. "तसं झालं तर माझं फारसं जात नाही. फाशी दिलेल्या गुलामाची भरपाई सरकार भरून देतं, आणि जिवंत पोर माझ्याकडे राहते. ती आणि तिच्या पोटी पुढे जे होईल ते सगळं."

बेनेबाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. राखाडी डोळे. मिंबाचेही तसेच होते. कर्नलचा मेलेला बाप दोघांचाही बाप होता. मळ्यावर हे शेळ्यांनासुद्धा माहीत होतं आणि कोणाच्याही तोंडून कधी निघालं नव्हतं. हा माणूस सावत्र बहिणीला फासावर चढवायचा हिशोब रताळं खाता खाता करत होता.

"रविवारी पाद्री येईल," तो म्हणाला. "प्रार्थना झाली की ओसरीवर निकाल देतो. तोवर काय ते शोध. तू उर्मट आहेस, पण माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस."

ते खरं होतं. खोटं बोलायला भीती असावी लागते, आणि बेनेबाने ती जहाजातूनच समुद्रात टाकली होती.

ती पायऱ्या उतरली तेव्हा क्रोम खाली उभा होता. तो दात काढून म्हणाला, "शोध, म्हातारे, शोध. पण लवकर पुरून टाक. उन्हात वास मारायला लागेल."

३

मेलेल्या पोरीला तिने खोपटाच्या मागे, चिपाडांच्या ढिगाच्या सावलीत नेलं. अंघोळ घालायची म्हणून कोणी अडवलं नाही.

आधी तिने नुसतं पाहिलं. हात लावायची घाई करणाऱ्या सुइणीवर तिचा कधी विश्वास नव्हता. ओठ निळे. नाक जरा चेपलेलं. जबडा सैल, म्हणजे धनुर्वात नाही. धनुर्वाताने गेलेलं मूल लाकडासारखं ताठतं. ही दाबूनच मारलेली.

मग तिने गुंडाळलेलं फडकं सोडलं. जाडंभरडं, मळ्यावर गुलाम आणि कराराचे चाकर सगळ्यांना एकाच ताग्यातलं मिळतं ते. छातीपासून पायांपर्यंत कोरडं ठणठणीत. डोक्याखाली आणि मानेखाली ओलं.

बेनेबाने ते नाकाला लावलं. दूध नव्हे, लाळ नव्हे, मूत तर नव्हेच. साधं पाणी.

खोपटात पाण्याचा तुंबा होता, दाराजवळ, टोपलीपासून लांब. तो आपण होऊन चालत येऊन बाळाच्या कपाळावर सांडणार नव्हता. दाबून मारायला आलेला माणूस पाणी घालत नाही. मग पाणी घातलं कोणी? आणि फक्त डोक्यावर?

तिने फडकं बाजूला ठेवलं. मग तिने पोरीचे हात उलगडायला घेतले. पाळणा हलवलेल्या प्रत्येक बाईला माहीत असतं, तान्ह्या बाळाच्या मुठीत काय काय सापडतं. गोधडीच्या दशा, आईचा केस, वाळकं दूध. मुठीत जे येईल ते बाळ सोडत नाही. देवाने त्याला तेवढं एकच हत्यार दिलेलं असतं. रोज अंघोळीच्या वेळी त्या मुठी उघडून पुसाव्या लागतात.

डावी मूठ रिकामी होती.

उजवी उघडेना. बेनेबाने एकेक बोट सुटं केलं. आत, तळव्याच्या घडीत, तांबड्या लोकरीचा बारीकसा गुंता होता.

४

मळ्यावर लोकर एकाच्याच अंगावर होती. म्हणजे मारलं कोणी, हे कळलं. पण ते कळून काय उपयोग? या बेटावर गुलामाची साक्ष गोऱ्याविरुद्ध ऐकत नाहीत. बेनेबाने भर चौकात ओरडून सांगितलं असतं तरी कायद्याच्या कानी ते कुत्र्याचं भुंकणं. आणि मेली ती कोणाची, हे अजून उरलंच होतं.

मिंबा खोड्यात होती. पाय लाकडात अडकवलेले, डोक्यावर ऊन, छातीवर दुधाने भिजलेला सदरा. पहारेकरी लांब सावलीत रम पीत बसला होता.

"पाणी पी," बेनेबाने तुंबा तिच्या तोंडाला लावला. "आणि मला सांग. मेली ती कोणाची?"

"माझी, आये."

"मग रडलीस कशाला?"

मिंबाने पिणं थांबवलं.

"दोन गेली तेव्हा रडली नाहीस. नवव्या दिवसाआधी पाहुणं गेलं म्हणून आपण रडत नाही. आज डोळे कोणासाठी फोडून घेतलेस? त्या घोडतोंड्यासाठी?"

"आये, हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. माझी नात जिवंत आहे. ऊनाच्या कुशीत आहे ती माझी नात आहे. खरं ना?"

मिंबाने पहारेकऱ्याकडे एक नजर टाकली. पण आता, कोणी बघत नसताना, तिचा चेहरा कोरडा होता.

"मी मेले तरी चालेल," ती शेवटी म्हणाली. "पण आये, तू तिला माझी म्हणू नकोस. माझी म्हटलीस की ती मालकाची झाली."

बेनेबा तिथून उठली आणि तडक गुऱ्हाळाकडे गेली. चरकाला ऊस घालणाऱ्या बायांवर क्रोम ओरडत होता. चरकाशेजारी भिंतीला कुऱ्हाड टांगलेली. कोणाचा हात ऊसाबरोबर आत ओढला गेला तर तो तोडायला, म्हणजे चरक थांबवावा लागत नाही.

"मुकादमसाहेब," बेनेबा गोड आवाजात म्हणाली. तो आवाज ती वर्षातून एकदा काढायची. "एक विचारू? म्हातारीचं डोकं चालेना. दोन्ही पोरी तांबूस, दोन्हींचं नाक नकटं. तुम्हाला कसं कळलं मेली ती ऊनाची?"

"कळायला काय लागतं? भिंतीकडे निजली होती ती ऊनाची. दाराकडे तुझ्या लेकीची."

"हो का? बाई गं. आणि तुम्ही तर बाळंतिणीच्या खोपटात पायसुद्धा टाकला नाहीत. विटाळ होतो ना तुम्हाला."

"थुंकतो मी तिथे. नाही गेलो. आज सकाळी दारात उभा होतो तेवढाच."

"सकाळी एक कुशीत होती आणि एक टोपलीत," बेनेबा म्हणाली. "भिंतीकडे कोणीच नव्हतं."

क्रोमने हात वर उचलला. मग चाबूक तिच्या खांद्यावर बसला. पण त्याआधीच तो चुकून बोलून गेला होता, आणि बेनेबाला तेवढंच हवं होतं.

५

ऊना गोठ्यामागे बसून पोरीला पाजत होती. विशीतली असेल, पण या उन्हाने चाळिशीतली करून टाकलेली. पाठीवर वळ, पायांत फोड. कराराच्या माणसाचे शेवटचे महिने सगळ्यात वाईट. त्याच्यावर मालकाचा हक्क संपत आलेला असतो, मग जनावर परत करण्याआधी जितकं हाकता येईल तितकं हाकतात. गुलाम निदान उद्याही लागणार असतो.

"मावशी, मी काही सांगणार नाही," ऊना आधीच म्हणाली.

"नको सांगूस. मी सांगते, तू ऐक." बेनेबा तिच्यासमोर बसली. "रात्री क्रोम आला. त्याला तुझी पोर नको होती. मिंबाच्या पोटचं कोणाचं, हे कोणी विचारत नाही, ते मालकाचं वासरू. पण तुझ्या पोरीच्या डोक्यावर पाद्री पाणी घालून नाव ठेवणार, बापाचं नाव विचारणार, आणि त्या विधवेने लगेच दार लावलं असतं. त्याने बंडी तोंडावर दाबली. तू जागी झालीस तेव्हा त्याची पाठ दिसली. पोरीत थोडी धुगधुगी होती. तू तुंबा आणलास आणि तिच्या डोक्यावर पाणी घातलंस. पाद्री नसला तर तुमच्यात आईने घातलेलंही चालतं. माझ्या लेकीने मरत्या पोरीवर पाणी कधी घातलं नसतं. त्यावरून कळलं, कोणाची मेली ते."

ऊनाने डोळे मिटले. "कॅथलीन नाव ठेवलं," ती म्हणाली. "नाव ठेवलं आणि ती गेली."

"आणि मिंबाने आपली तुझ्या हातात दिली."

"मी मागितली नव्हती, मावशी! माझं रक्त थांबेना तेव्हा तिने स्वतःचं फडकं फाडून माझ्यात कोंबलं होतं. ती म्हणाली, हिला तुझी म्हण. मी काय म्हणणार?" तिने एकदम मान वर केली. "पण आता तुम्हालाही माहीत आहे. मग मी खरं सांगते. शपथेवर सांगते. माझी साक्ष चालते. मी त्याला बघितलंय. तो फासावर जाईल, मिंबा सुटेल!"

"जाईल. सुटेल. आणि ही?"

दोघींनी पोरीकडे पाहिलं. ती झोपेत ओठ हलवत होती.

"ही मिंबाची ठरली की मालकाची," बेनेबा म्हणाली. "हिला होतील तीही मालकाची. त्यांना होतील तीही."

"मीसुद्धा गुलामच आहे इथे. माझ्या पाठीकडे बघा."

"बघितलीय. तुझे वळ आणि माझे वळ सारखेच, मुकादम एकच आहे. पण पोरी, तुझी काही वर्षं विकत घेतली. ती सरली की तू उठून चालायला लागशील, मग उपाशी मर नाहीतर राणी हो. मला घेतलं ते पोटासकट घेतलं. मला मिंबा झाली, ती जन्मायच्या आधीच कर्नलच्या बापाची होती. तुझी म्हणून वाढली तर ही थोडी वर्षं राबेल, मोठी झाली की सुटेल. तिची लेकरं तिचीच असतील."

ऊनाला हुंदका फुटला. "म्हणजे मी बायबलवर हात ठेवून म्हणायचं की कॅथलीन माझी नव्हती. तिला तुमच्या लोकांच्या खड्ड्यात पुरणार. आणि तो सुटणार."

"सुटणार नाही पूर्ण. फास चुकेल त्याचा. तू एवढंच सांगायचं, मेली ती मिंबाची, आणि क्रोमला मारताना पाहिलं. तो ओरडेल, ती मिंबाची नव्हती. ओरडू दे. ती कोणाची होती हे त्याला माहीत कसं, एवढं मालकाला विचारावंच लागेल. आणि मेली ती तुझी, असं त्याने सिद्ध केलं की दोर त्याच्याच गळ्यात."

"तुम्ही माझ्याकडे फार मागताय, मावशी."

"मागतेय," बेनेबा म्हणाली. गोड आवाज काढला नाही. "नाही म्हणालीस तर मी तुला शिव्या देणार नाही. तुझी पोर त्याने मारली, त्याला लटकवायचा हक्क तुझा आहे. रविवारी तुझं तोंड उघडेल तेव्हा काय बाहेर पडतं ते बघू."

ऊनाने पोरीला दुसऱ्या बाजूला पाजायला घेतलं. 

६

रविवारी कर्नल ओसरीवर खुर्ची टाकून बसला. शेजारी पाद्री, घाम पुसत. खाली क्रोम, तांबडी बंडी घातलेलाच. त्या विधवेलाही त्याने बोलावलं होतं, मळ्यावर आपला दरारा किती ते दाखवायला. मिंबाला दोरीला बांधून उभं केलं होतं.

"काय शोधलंस, म्हातारे?" कर्नलने विचारलं.

बेनेबा पुढे झाली. आयुष्यात पहिल्यांदा ती या माणसाशी खोटं बोलणार होती, आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"मेली ती मिंबाची, मालक. जिवंत आहे ती ऊनाची. आणि मेलेलीच्या मुठीत हे होतं."

तिने पानाची घडी उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. कर्नलने ती लोकर बोटांत धरली, उजेडात बघितली, आणि मग क्रोमच्या छातीकडे बघितलं. विधवेनेही बघितलं.

"काळीची बडबड!" क्रोम म्हणाला. "हिची साक्ष चालत नाही."

"हिची नाही चालत," कर्नल म्हणाला. "ऊना. पुढे ये."

पाद्रीने बायबल धरलं. ऊनाच्या एका हातावर पोर होती, दुसरा तिने पुस्तकावर ठेवला. बेनेबाला तिच्या ओठांवर फोड आलेले दिसत होते. पाद्रीने खाकरून तिला आठवण करून दिली.

"मेली ती..." ऊनाने पोरीला छातीशी घट्ट धरलं. मिंबा दोरीला ओढ देऊन पुढे झुकली. "मेली ती मिंबाची. ही माझी. त्याने, क्रोमने, बंडी दाबून तिला मारलं. मी बघितलं. देवाशपथ."

"खोटं! ती काळीची नव्हतीच!" क्रोम किंचाळला. "भिंतीकडची होती! भिंतीकडे हिचीच निजली होती, मी नीट..."

तो थांबला. कर्नल खुर्चीत पुढे झुकला.

"नीट काय?" कर्नलने विचारलं. "नीट बघून?"

क्रोमने गळ्याला हात लावला. त्याला आता दोन्ही वाटा दिसत होत्या. एकीवर ख्रिस्ती बाईच्या लेकराचा खून, सरकारी दोर. दुसरीवर दुसऱ्याचा माल फोडल्याचा दंड. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि सगळ्यात शांतपणे बेनेबा बघत होती.

"काळीचीच होती," तो म्हणाला. "रडत होती. नुसतं गप्प करायला गेलो. अंधारात जास्त दाबलं गेलं."

"मग तसं आधी सांगायचं," कर्नल म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, उसाच्या मोळ्या मोजताना असतो तसा तो झाला होता. तान्ह्या गुलामाची किंमत म्हणजे वासराच्या निम्मी; ती दुप्पट करून क्रोमच्या पगारातून कापायची. करारात पोर झाली म्हणून ऊनाची चाकरी कायद्याने वाढवायची. पोर मोठी होईपर्यंत मळ्यावर बांधील. मिंबाला सोडा. झालं. कोणत्याच बाजूने त्याचं नुकसान नव्हतं, म्हणून न्याय पटकन आटोपला.

पाद्रीने तिथेच पाणी मागवलं. "नाव?"

"कॅथलीन," ऊना म्हणाली.

"बापाचं?"

ऊनाने पहिल्यांदा क्रोमकडे सरळ बघितलं. "गिल्बर्ट क्रोम."

विधवा उठली, झगा सावरला, आणि गाडीकडे चालू लागली. क्रोम तिच्या मागे चार पावलं गेला आणि परत आला. गळिताचा हंगाम चालू होता. हंगामात मुकादम कोण काढतो? दुपारी त्याचा चाबूक पुन्हा गुऱ्हाळात वाजला.

७

सोमवारी मिंबाला उसाच्या फडात लावलं. पाजायला मूल नाही, मग बाळंतिणीची सूट कशाची?

फडात जाण्याआधी बेनेबाने तिला खोपटात बसवलं. जुन्या पोत्याची लांब पट्टी फाडली आणि तिच्या छातीवर गुंडाळायला लागली. दूध आटवायला दुसरा उपाय नाही. ते दगडासारखं घट्ट झालं होतं, नुसता हात लागला तरी मिंबा दातओठ खात होती.

गोठ्यापलीकडे ऊनाच्या नव्या खोपटात पोर रडायला लागली. भुकेचं रडणं. मिंबाच्या सदऱ्यावर लगेच दोन ओले डाग पडले. ती उठायला गेली. बेनेबाने गुडघ्याने तिला खाली दाबलं.

"बस."

"आये, नुसती लांबून बघते."

"लांबून बघशील, मग जवळून, मग हातात घेशील. तुझ्यासारखी हनुवटी आहे तिची. दोघींना एकत्र कोणी बघता कामा नये. आज नाही, कधीच नाही."

"ती माझी आहे."

"ती ऊनाची आहे," बेनेबा म्हणाली आणि पट्टीला आणखी एक वेढा दिला.

पलीकडचं रडणं थांबलं. ऊनाने घेतली असावी. मिंबा भिंतीकडे बघत बसली. बाहेर क्रोम नावं पुकारत होता. आधी गड्यांची, मग बायांची, आणि मग मिंबाचं. ते त्याने दोनदा पुकारलं.

"आये, जरा सैल कर. श्वास घेता येत नाही."

"नाही," बेनेबा म्हणाली, आणि पट्टीचं टोक दातात धरून गाठ आवळली.